उजव्या खांद्यावरची शाल

ॲथलोनच्या रस्त्याला लागला तेव्हा गिरीशच्या तोंडात वाक्य तयार होतं. "दादा, येत्या मोसमात सुरुवात डोनल करणार." एवढंच. डब्लिनजवळच्या ओंगारहून, घरून निघताना त्यानं ते बायकोसमोर, वासंतीसमोर म्हणून पाहिलं होतं. आता गाडीत तो ते एकटाच घोळवत होता, जात्यात मूठमूठ दाणे सोडावेत तसं. दाणे पडत होते, जातं फिरत होतं, पीठ मात्र येत नव्हतं.

डिसेंबरातला रविवार होता. दोन्ही बाजूंना ओली कुरणं, त्यांत पाठीवर निळे ठिपके मारलेल्या मेंढ्या, आणि उगवल्यापासूनच निरोपाची घाई झालेला सूर्य.

वाक्य ज्याला सांगायचं होतं तो प्रल्हाद. आणि ज्याच्याबद्दल होतं तो खेळ बेसबॉल. आयर्लंडात बेसबॉल खेळतात हे खुद्द आयर्लंडातल्या बहुतेकांना ठाऊक नाही, पण लिक्सलिपमध्ये 'हेरन्स' नावाची एक हौशी टीम होती. चिपच्या कारखान्यातले इंजिनिअर, दोन शिक्षक, एक बेकरीवाला आणि काही वाट चुकून आलेले अमेरिकन. गिरीश तिचा मॅनेजर. प्रल्हाद तिचा स्टार्टर, म्हणजे ज्याच्या हातून सामना सुरू होतो तो पिचर. मैदानाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा असतो, माउंड म्हणतात त्याला. त्यावर उभं राहून स्टार्टरनं शक्य तितका वेळ किल्ला लढवायचा. तो खचला की टीम खचते.

हेरन्सचा तो माउंड प्रल्हादनंच घातला होता. टीम निघाली त्या वर्षी ॲथलोनहून येताना दर रविवारी डिकीत चिकणमातीची पोती घालून आणायचा आणि गिरीशच्या हातात फावडं द्यायचा. म्हणायचा, "मॅनेजर झाला म्हणून काय झालं बे, माती तर ओढशील."

तशी त्यांची ओळख मातीतलीच. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रल्हाद दोन वर्षं पुढे. क्रिकेटच्या संघात नाव आलं नाही म्हणून गिरीश मैदानाच्या कडेला मान खाली घालून बसला होता, तेव्हा कुणीतरी त्याच्या मांडीवर बेसबॉलचा चामड्याचा ग्लोव्ह टाकला. "रडतो काहून? घाल हातात." त्या दिवसापासून प्रल्हाद त्याचा दादा.

तिकडे कॉलेजात ग्लोव्ह मोजकेच. म्हणून इनिंग संपली की प्रत्येकानं आपला ग्लोव्ह आपल्या जागेवरच ठेवून यायचा, आणि समोरच्या संघानं तोच उचलून खेळायचं. पिचरचा ग्लोव्ह माउंडवर. सामन्याआधी खेळाचे सर चालत जायचे आणि नवा चेंडू त्या ग्लोव्हमध्ये ठेवायचे, देवापुढे सुपारी ठेवावी तसा. आयर्लंडात ज्याचा त्याचा ग्लोव्ह होता, पण दादानं ती रीत सोडली नाही. हेरन्सच्या सामन्याआधी त्या दिवशीच्या पिचरचा ग्लोव्ह माउंडवर पडलेला असायचा आणि गिरीश त्यात चेंडू ठेवायचा. आयरिश पोरांना हे फार आवडलं होतं.

मग सप्टेंबर आला. सेमीफायनलला पुढे असताना पाचव्या इनिंगमध्ये दादाचा हात जड झाला. चेंडू हवेतच रेंगाळायला लागले आणि समोरचे ते वेचून मारायला लागले. सगळ्यांना दिसत होतं. गिरीशलाही दिसत होतं. पण दादाला मधूनच काढायचं कसं, म्हणून तो जागेवरून हलला नाही. हेरन्स हरले.

त्यानंतर सगळा हिवाळा त्या एका दुपारची चिरफाड चालली होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये, व्हॉट्सॲपवर, पबमध्ये. शैलेंद्र आघाडीवर. तो गिरीशच्याच विभागातला, नागपूरचा, हेरन्सचा कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा. वेग मोजायचं यंत्र त्यानं स्वतःच्या पैशांनी आणलेलं. डिसेंबरच्या सुरुवातीला लिक्सलिपच्या पबमध्ये कमिटी बसली तेव्हा त्यानं फोन टेबलावर आडवा ठेवला. "हा बघ आलेख. माझ्या आजोबांची तब्येतही अशी उतरली नव्हती."

ठरलं ते असं: सुरुवात डोनल करणार. दुसरा स्टार्टर कॅनडाहून नुकताच आलेला एक जण. प्रल्हाद शेवटी, गरज पडली तर.

गिरीशला ते पटलं होतं का? पबमध्ये पटलं. गाडीत बसला आणि पटेनासं झालं. डोनल सव्विशीतला शिक्षक, लहानपणापासून हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळलेला, खांदा बैलासारखा. पण त्याचा चेंडू निघाला की कुठं जाईल हे त्याला स्वतःलाही माहीत नसायचं. दादाचा चेंडू म्हातारा झाला होता, पण घराचा पत्ता विसरला नव्हता. कारखान्याच्या पांढऱ्या डगल्यात, तोंडाला पट्टी बांधून यंत्रांपुढे उभं असताना गिरीश हेच तोलत बसायचा. एकदा हे पारडं खाली, एकदा ते.

पण पबमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणून बसला होता, "दादाला मी सांगतो. माझा माणूस आहे."

दार प्रमोदिनीवहिनींनी उघडलं. "या भाऊजी. वासंतीला नाही आणलं?" घरात ज्वारीच्या भाकरीचा वास होता. दादा जेवणाच्या टेबलापाशी उघड्या खांद्यावर गोठलेल्या मटारची पिशवी दाबून बसला होता.

"ये बे. हे पाह्य, आयर्लंडात येऊन भाजीवाला झालो."

"दुखतोय का?"

"दुखते ना. पण जानेवारीत इंजेक्शन घेतो. आत सांध्यात देतात, लांब सुई असते म्हणे. डॉक्टरीण म्हणाली, कशासाठी एवढा त्रास? म्हटलं, बाई, एप्रिलात सुरुवात आहे."

"यांनी रविवारच्या ड्यूट्याही बदलून घेतल्या," वहिनी ताटं मांडता मांडता म्हणाल्या. "यंदा एप्रिलात माहेरी भाचीचं लग्न आहे. मी एकटी जाते म्हटलं तर म्हणतात, पहिल्या सामन्याला तू पाहिजेस. मग कोणीच नाही चाललं."

गिरीशनं तोंड उघडलं. वहिनींनी ताटात ठेचा वाढला. त्यानं घास घेतला, आणि तयार होतं ते वाक्य ठेच्याबरोबर खाली गेलं. दुसरा घास घेतला. नंतर भाजी छान झाली म्हणाला. निघताना दादानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ती थाप ओंगारपर्यंत त्याच्या पाठीवर तशीच होती.

"सांगितलंस?" वासंतीनं विचारलं.

"जेवण झालं."

"मी जेवणाचं नाही विचारलं."

त्यानं बूट काढले. वासंती पुण्याची, तिला एकदा विचारलेलं पुन्हा विचारायची सवय नव्हती. उत्तर येईपर्यंत ती नुसती बघत राहायची, आणि ते जास्त वाईट.

तोड शैलेंद्रनं काढली. "सत्कार करू. संक्रांतीला ओंगारच्या हॉलमध्ये सगळी मंडळी असतातच. शाल घालू, चार शब्द बोलू, 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणू. आपल्याकडे माणसाला बाजूला करायची हीच पद्धत आहे. खांद्यावर शाल पडली की ज्याचं तो समजतो."

गिरीशला हायसं वाटलं. इतकं, की त्याला स्वतःचाच संशय यायला हवा होता. डब्लिनभर फिरून त्यानं शाल आणली, मोरपंखी, जरीच्या काठाची. वासंतीनं तिची घडी मोडली, पुन्हा घातली.

"नारळ आणला नाहीस?"

"नको. लगेच कळेल."

"कळावं म्हणूनच करतोयस ना?" ती म्हणाली आणि शाल त्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

संक्रांतीला हॉल भरला होता. काळ्या साड्या, तिळगूळ, आयरिश उच्चारांत मराठी गाणी म्हणणारी पोरं. हेरन्समधली चार-पाच आयरिश मंडळीही आली होती. हलवा खाऊन दाताला हात लावत होती. हळदीकुंकवाला बायकांनी वहिनींना उखाण्यासाठी धरलं. त्या आधी लाजल्या, मग पदर सावरून एका दमात म्हणाल्या:

"तिळाच्या दाण्याला साखरेचा काटा,
एप्रिलात प्रल्हादरावांच्या चेंडूला मोकळ्या वाटा."

हॉलभर टाळ्या पडल्या. गिरीशच्या हातात तेव्हा माइक होता.

तो बोलला. पाया, आधारवड, मार्गदर्शन, सगळे शब्द आले. आले नाहीत ते फक्त जे आणायचे होते. दादा पुढे आला, वाकला, गिरीशनं शाल घातली. शैलेंद्रनं फोटो काढला. दादानं माइक घेतला.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "सप्टेंबरात मी हरवलं यायले. कोणी एका शब्दानं बोललं नाही. मला वाटलं होतं, आता काढतील. आन् यायनं शाल घातली." त्यानं डोळे पुसले, ते शालीच्याच टोकानं. "हा खांदा यंदा तुमचाच."

खुर्च्यांच्या रांगेत बसलेली वासंती गिरीशकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं त्याच्यापासून नजर अशी कधी लपवली नव्हती.

त्याच आठवड्यात गिरीशनं डोनलला फोन करून सांगितलं की सुरुवात तू करणार. डोनल आनंदला, आणि मग लगेच विचारलं, प्रल्हादनं कसं घेतलं?

"ग्रँड," गिरीश म्हणाला.

हा शब्द त्या देशात सगळ्याला चालतो. हवेला, चहाला, मोडलेल्या हाडाला. त्या दिवशी तो खोटं बोलायलाही चालला.

मार्चमध्ये बर्फ पडला, कधी नव्हे एवढा. दुकानांतला पाव संपला, रस्ते बंद झाले. टीमच्या ग्रुपवर ॲथलोनहून एक व्हिडिओ आला. परसदारी भिंतीवर खडूनं चौकोन आखलेला, आणि दादा गुडघाभर बर्फात उभा राहून बर्फाचे गोळे वळून त्या चौकोनात मारत होता. एक, पुन्हा एक. सगळे चौकोनात. मागून वहिनींचा हसण्याचा आवाज: "पुरे करा जी, हात गळेल." खाली टीमच्या टाळ्या, हसरे चेहरे. शैलेंद्रनं गिरीशला वेगळा मेसेज केला: 'याला कळलेलं नाही रे.' गिरीशनं ग्रुपवर अंगठा पाठवला. पाठवल्यावर त्या पिवळ्या अंगठ्याकडे तो किती तरी वेळ बघत राहिला. काढून टाकावा असंही वाटलं. पण काढला की तेही दिसतं.

सांगायला अजून एक महिना होता. मग दोन आठवडे होते. मग पहिल्या सामन्याची सकाळ झाली.

वारा होता, ऊन होतं, कुंपणाकडेची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी पेटली होती. गिरीश मुद्दाम लवकर पोचला. दादाला गाठायचं, एका बाजूला घ्यायचं, सांगायचं. पण दादा त्याच्याही आधी आला होता. माउंड त्यानं झाडून घेतला होता, आणि मधोमध त्याचा जुना, घामानं काळा पडलेला ग्लोव्ह ठेवला होता, तळहात आकाशाकडे करून. स्वतः तो कुंपणापाशी हात मोकळा करत होता. चेंडू टाकणाऱ्या खांद्यावर मोरपंखी शाल.

"ऊब राहते," घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं कपाटात ठेवून काय करता? ज्या खांद्यासाठी दिली त्यावरच घाला."

गिरीश "हो" म्हणाला.

मंडळी जमली, अंपायर आला, समोरची टीम रांगेत उभी राहिली. गिरीश नवा चेंडू घेऊन माउंडकडे निघाला. पलीकडून डोनलही निघाला होता, आपला ग्लोव्ह ठेवायला. दोघं एकदमच पोचले. डोनलनं खाली पाहिलं. मग वर पाहिलं.

"तू म्हणाला होतास, त्यानं नीट घेतलं," तो हळूच म्हणाला.

कुंपणापलीकडे डोनलचे आईवडील उभे होते, किल्डेअरहून मुद्दाम आलेले, आईच्या हातात घरी शिवलेलं छोटं निशाण. आणि पायाशी तो काळा ग्लोव्ह.

त्यानं चेंडू दादाच्या ग्लोव्हमध्ये ठेवला.

"आज दादा सुरुवात करेल. पुढच्या रविवारी तू."

डोनल वाद घालणारा नव्हता. त्यानं मान हलवली, वळला, आणि आईकडे बघून हातानं 'नाही' अशी खूण केली. आईनं निशाण खाली घेतलं.

ते दादानं पाहिलं.

तो माउंडवर आला. शाल वहिनींकडे देऊन आला होता. चेंडू उचलला, बोटांत फिरवला, आणि मग कुंपणाकडे बोट करून विचारलं, "त्याचे मायबाप काहून आले आज? कधी येत नाहीत."

गिरीशनं अंपायरकडे पाहिलं.

"गिरीश."

"सुरुवात डोनल करणार होता, दादा."

"कधी ठरलं?"

"डिसेंबरात."

दादानं आठवल्यासारखं केलं. "डिसेंबरात तू घरी जेवून गेला."

"हो."

"तेव्हा ठरलं होतं?"

"हो. तेच सांगायला आलो होतो."

वाऱ्यानं माउंडवरची धूळ उडाली. दादाचा डावा हात आपसूक उजव्या खांद्याकडे गेला, जिथं सुई गेली होती तिथं. "आन् शाल?"

उत्तर होतं, पण ते शैलेंद्रच्या तोंडी ठीक होतं. इथं, ह्या मातीवर, ह्या माणसासमोर ते बोलता येण्यासारखं नव्हतं. गिरीशनं मान खाली घातली. अशीच मान खाली घालून तो एकदा अमरावतीच्या मैदानाकडेला बसला होता. त्या वेळी मांडीवर ग्लोव्ह पडला होता. आज काही पडलं नाही.

"पिचरले काढतातच बे," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच सोसत नव्हतं. "सरांनी मला फायनलमधून काढलं होतं, सगळ्या कॉलेजासमोर. संध्याकाळी त्यांच्याच घरी खिचडी खाल्ली मी. तू सांगितलं असतं तर मी दोन दिवस रुसलो असतो. तिसऱ्या दिवशी तुले फोन केला असता." त्यानं वहिनींकडे पाहिलं. "तिले भाचीचं लग्न सोडायला लावलं मी."

"दादा, आज तूच टाक. मी खरंच—"

"का? आता कोणाले वाईट वाटू नये म्हणून?"

अंपायरनं घड्याळ दाखवलं. दादानं आपला ग्लोव्ह उचलला, मांडीवर झटकला आणि बगलेत धरला. मग डोनलला हाक मारली. डोनल धावत आला. दादानं त्याच्या ग्लोव्हमध्ये चेंडू ठेवला, दोन्ही हातांनी त्याचा ग्लोव्ह मिटला आणि त्याला इंग्रजीत एवढंच म्हणाला, "पहिला हळू टाक. घाई त्यांना होऊ दे."

निशाण पुन्हा वर गेलं.

गिरीश बाकाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. वहिनींना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या इकडून तिकडे पाहत होत्या, आणि मग त्यांनी पाहणं थांबवलं. थर्मास उघडून त्यांनी कप भरले. एक नवऱ्याला दिला, एक गिरीशपुढे धरला, नेहमीसारखाच. "घ्या भाऊजी, गार होते." त्यात साखर बरोबर होती, आलं बरोबर होतं.

पहिला चेंडू डोनलनं खरंच हळू टाकला. समोरच्यानं घाईनं बॅट फिरवली ती नुसत्या हवेत. दुसरा वेगात गेला तो कॅचरच्या डोक्यावरून. शैलेंद्र तो आणायला पळत सुटला. पारडं अजून डोलतच होतं; निर्णय बरोबर होता की चूक, हे त्या इनिंगला सांगता आलं नाही, आणि गिरीशला ते विचारायचं धैर्यही उरलं नव्हतं. सगळा हिवाळा त्यानं कुणाच्या हातात चेंडू द्यायचा हेच तोलण्यात घालवला होता. तोलायचं ते दुसरंच काही होतं, आणि ते राहून गेलं होतं.

कशीबशी इनिंग संपली. डोनल घामेजून येऊन बाकावर बसला. त्याच्या उघड्या दंडावरून एप्रिलचा वारा गेला आणि अंगावर काटा आला. दादा उठला. वहिनींच्या मांडीवरची शाल त्यानं उचलली, झटकली, आणि डोनलच्या उजव्या खांद्यावर नीट पसरली. जरीचा काठ वर येईल अशी.

"हात गार पडू देऊ नको."

डोनलनं काठाला बोट लावून पाहिलं. हे काय असतं, त्यानं विचारलं.

गिरीश चार पावलांवर होता, पण दादानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आमच्याकडे पिचरला घालतात," तो म्हणाला, आणि आपला कप घेऊन वहिनींशेजारी जाऊन बसला.